न दिलेला खांदा

पाडवा नुकताच झाला होता. धामणखेडच्या स्टँडवर देवमनचं चहाचं हॉटेल होतं, आणि त्याच्या फळीवर गावाला ऐकू जाईल असा रेडिओ होता. सकाळच्या बातम्या लागल्या तेव्हा नानाजी गव्हाच्या सोंगणीसाठी वावरात निघाला होता. लोक रेडिओभोवती गोळा झालेले दिसले म्हणून तोही विळा काखेत धरून थांबला.

दिल्लीतलं सरकार पडलं होतं. मतांची मोजणी अजून चालू होती, पण पडलं एवढं नक्की होतं. आणीबाणीही उठली, असं रेडिओ सांगत होता.

कोणी हसलं नाही, कोणी टाळी वाजवली नाही. जो तो शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहू लागला. देवमनने तर सवयीने हात वर करून रेडिओचा आवाज कमी केला. मग त्याच्याच लक्षात आलं आणि त्याने तो पुन्हा मोठा केला.

"खरं असल का बाप्पा?" कोणीतरी हळूच विचारलं.

"रेडिओ त्याहीचाच. थो कायले खोटं सांगल?"

"अन् आपल्या इकडं?"

"आपल्या इकडं गाय-वासरूच आलं म्हनते. जुनंच."

वऱ्हाडात गाय-वासराला, पडलेल्या सरकारच्याच निशाणीला, भरभरून मतं पडली होती. धामणखेडनेही तिलाच दिली होती. देश पालटला होता आणि आपण पालटवणाऱ्यांत नव्हतो, हे प्रत्येकाला एकदमच समजलं असावं. तेवढ्यात सरपंच आले. धोतराचा सोगा हातात धरून त्यांनी बातमी पुन्हा एकदा ऐकली, मान डोलावली आणि म्हणाले, "मी तं पयलेच म्हनलं होतं. हे टिकत नाई."

ते असं कधी म्हणाले होते, हे कोणी विचारलं नाही. उलट त्यांच्यामागून दोघं-तिघं तसंच म्हणाले. दुपारपर्यंत गावात गुलाल आला, आणि संध्याकाळी पारावर असा एकही माणूस उरला नाही, जो आधीपासूनच या सरकारच्या विरोधात नव्हता.

"आता इंद्रभान सुटन," देवमन म्हणाला. "नानाजी, तुहा दोस्त येते गड्या!"

नानाजी "हो" म्हणाला आणि वावरात गेला. त्या दिवशी त्याने दोन माणसांचा गहू एकट्याने कापला. घरी आला तेव्हा बायको गोजराबाई दारातच उभी होती. तिनेही बातमी ऐकली होती. तिने त्याच्या हातातला विळा घेतला आणि आत गेली.

*

इंद्रभानचं वावर नानाजीच्या वावराला लागून होतं. दोघं एका शाळेत शिकले. इंद्रभान बौद्धवाड्यातला. त्याच्या बापाने छपन्न साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती, आणि पोराला मॅट्रिकपर्यंत शिकवलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर सगळंच गाव माती वाहायला गेलं, तिथे इंद्रभानने मजुरांची संघटना बांधली. मजुरी थकली की तो मोर्चा काढायचा. नानाजीही त्या मोर्च्यांत असे. घोषणा देण्यात त्याच्या तोडीचा कोणी नव्हता.

तलावावर जेवायला बसायचे तेव्हा इंद्रभानची माय भागिरथा नानाजीलाही भाकर वाढायची. गावात कुजबुज झाली, पण दुष्काळात ती फार चालली नाही. ही म्हातारी, सगळ्यांची बुडी, लोकांना सांगायची, "माहे दोन पोरं हायेत. एक घरचा, एक वावराशेजारचा." आणि इंद्रभानला म्हणायची, "तू मोर्च्यातच फिरशील. तू नसला तं नानाजी खांदा देईल मले."

आणीबाणी लागली त्या वर्षीच्या हिवाळ्यात इंद्रभानने मानोऱ्याच्या बाजारात उभं राहून एक पत्रक वाचलं. दोन दिवसांनी गावात जीप आली. त्याला जीपमध्ये बसवल्यावर पोलिसाने जमलेल्या लोकांवरून नजर फिरवली आणि नानाजीसमोर थांबला.

"तू याचा दोस्त ना रे?"

"दोस्त कायचा साहेब," नानाजी म्हणाला. "वावराशेजारी वावर हाये, एवढंच."

इंद्रभान जीपमध्ये पाठमोरा बसला होता. त्याला ऐकू गेलं की नाही, ते नानाजीला कळलं नाही.

पुढे भीतीला निमित्तं मिळतच गेली. संघटनेतल्या दोन पोरांना ठाण्यावर नेऊन दिवसभर बसवून ठेवलं. नसबंदीच्या माणसांचा आकडा भरायचा होता तेव्हा गावातल्या एकाने नानाजीला बाजूला घेऊन सांगितलं, "तुहं नाव बी घेऊन राह्यले. चूप राह्यजो." नानाजीला दोन पोरी होत्या आणि पोरगा हवा होता. तो चूप राहिला. इंद्रभानची बायको अंजना त्याच्याकडे आली आणि म्हणाली, "नानाजीभाऊ, नागपूरले जेलात भेटाले जाचं हाये. एकटीले गाडी समजत नाई, संगं येता का?" तेव्हा तो म्हणाला, "तूर पडली हाये वं बाई खळ्यात." ती पुन्हा आली नाही. तिच्यासोबत बंजारा तांड्यावरचा फुलसिंग गेला. फुलसिंग तलावाच्या कामावर या दोघांसोबत होता, पण त्याची आणि इंद्रभानची काही खास मैत्री नव्हती.

दुसऱ्या वर्षी पोळ्याच्या सुमारास भागिरथा वारली. चार दिवस झड लागलेली होती. नागपूरला तार केली, पण पुलावरून पाणी होतं, आणि इंद्रभानला सोडलं तरी तो पोचणार नव्हता. बौद्धवाड्यातले लोक जमले. अंजनाने तिरडी उचलू दिली नाही. "नानाजीभाऊले बलवा," ती म्हणाली, "बुडीचा शबद हाये."

निरोप घेऊन फुलसिंग आला. पायांचा चिखल वाजवत तो अंगणात शिरला, तेव्हा नानाजी ओसरीवर होता. त्याने आवाज ओळखला आणि मागच्या दाराने बैलांच्या कोठ्यात गेला. गोजराबाईने एकदा नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं आणि समोरचं दार उघडलं.

"ते मंगरूळले गेले," ती म्हणाली. "कवा येतीन, नाई सांगता येत."

फुलसिंग पायरीपाशी थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. कोठ्यात बैलांच्या मध्ये बसलेल्या नानाजीच्या तेव्हा लक्षात आलं, की आपल्या वहाणा ओसरीच्या पायरीवरच आहेत.

बऱ्याच वेळाने 'बुद्धं सरणं गच्छामि' असा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला, पावसात मोठा झाला आणि नाल्याच्या दिशेने गेला. वस्तीची माणसं सोडली तर गावातलं कोणी त्यात नव्हतं. मुलाच्या जागी, पुढचा खांदा फुलसिंगने दिला.

याबद्दल गावात कधी कोणी नानाजीला बोललं नाही. बोलणाऱ्याला स्वतःबद्दलही बोलावं लागलं असतं.

आणि एवढं होऊनही या मार्चात तो मत द्यायला गेला, तेव्हा पडद्याआड एकटा असताना त्याच्या हाताने गाय-वासरावरच शिक्का मारला. समोर विरोधकांचा नांगरवाला होता. आत पाहणारं कोणी नव्हतं. तरी त्याला वाटलं, कोणाला तरी कळेल.

*

इंद्रभान येणार त्या दिवशी शाळेच्या पटांगणात सतरंज्या अंथरल्या. सरपंचांनी मानोऱ्याहून हार आणवले. पहिला हार सरपंचांचा आणि दुसरा नानाजीचा, असं त्यांनीच ठरवलं.

"मले नोका सांगू," नानाजी म्हणाला.

"काहून? तुहा दोस्त हाये. तू नाई घालशीन तं मंग कोन घालन?" सरपंच म्हणाले. नानाजीने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. त्यांना खरंच काही आठवत नव्हतं, की आठवायचं नव्हतं?

मोटार थांबली. इंद्रभान उतरला. अंगाने तो निम्मा राहिला होता, दाढीत पांढरं आलं होतं. तो सगळ्यांकडे बघून हसला आणि गर्दीतून थेट नानाजीकडे आला. त्याने त्याला मिठी मारली. इंद्रभानच्या सदऱ्याला औषधाचा वास येत होता. नानाजीने हातातला हार कसाबसा त्याच्या गळ्यात घातला.

भाषणं झाली. सरपंच लोकशाहीवर बोलले. मग इंद्रभान उभा राहिला. पूर्वी तो बोलायला लागला की स्टँडपर्यंत ऐकू जायचं. आता पुढे सरकून बसावं लागलं.

"मी काई मोठं काम केलं नाई," तो म्हणाला. "मले धरलं, मी बसलो. बसनंच होतं. बाहेर राह्यले त्याहीचं काम कठीन होतं. आतमंदी आमाले इचारत, लिहून दे, माफी माग, सुटशीन. लय जनाहीनं देल्लं लिहून. मी त्याहीले नाव नाई ठेवत. माह्या बी मनात दोन डाव आलं. एक डाव तं माय गेली तवाच आलं. वाटलं, ज्या गावासाठी बसलो त्या गावानं मायले उचललं बी नसन."

त्याने गळ्यातला हार सारखा केला.

"मंग अंजना भेटाले आली. तिनं सांगतलं, नानाजीनं खांदा देल्ला. पुढचा. माह्या जागी. सारं गाव होतं म्हनली. त्या दिवशी म्या ठरवलं, का आता लिहून द्याचं नाई."

पटांगणात शंभर-दीडशे माणूस होतं, आणि त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की असं झालं नव्हतं. नानाजीला वाटलं, आता कोणीतरी खोकेल. कोणीतरी हसेल. बायकांमधून कोणीतरी बोलेल. देवमन जमिनीकडे पाहत होता. सरपंच टोपी नीट करत होते. मागे, भिंतीपाशी, तांड्यावरची माणसं उभी होती आणि त्यांच्यात फुलसिंग होता. तो इंद्रभानकडे पाहत होता, बस.

मग सरपंचांनी टाळी वाजवली आणि सगळ्या पटांगणाने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. त्या लवकर थांबल्या नाहीत. कोणालाच पहिल्यांदा थांबायचं नव्हतं.

इंद्रभानने आपल्या गळ्यातला हार काढला आणि पुढे येऊन तो नानाजीच्या गळ्यात घातला.

नानाजीने तोंड उघडलं. समोर अंजना बसली होती. तिने मान वर केली नाही. त्याने तोंड मिटलं, आणि हात जोडले.

*

सांजच्याला इंद्रभान वस्तीतल्या म्हाताऱ्यांना भेटायला गेला असताना नानाजी त्याच्या घरी गेला. अंजना अंगणात जळणाच्या पऱ्हाट्या मोडत होती. त्याला पाहून ती थांबली नाही.

"अंजनाबाई, तुमी त्याले असं काहून सांगतलं?"

"कसं?"

"माहं नाव काहून घेतलं?"

तिने हातातली पऱ्हाटी गुडघ्यावर मोडली. "तुमच्यासाठी नाई घेतलं. जाळीच्या तिकून त्यानं पयला सवाल केला, का नानाजी आल्ता ना? लेकरानं मायले इचारावं तसा इचारला. मी नाई म्हनली असती तं?"

नानाजीने खाली पडलेली एक पऱ्हाटी उचलली.

"फुलसिंगभाऊचं नाव सांगाले पायजे होतं. त्याचाच हक होता थो," ती म्हणाली. "पन त्यानं इचारलं तुमचं. त्याले वाटे, एक जरी मानूस बाहेर पक्का हाये तं आपन आत पक्कं राहू. मले तं त्याले उभं ठेवाचं होतं. एक डाव सांगतलं, मंग दर भेटीले सांगा लागलं. नानाजीभाऊनं बी पेरलं, नानाजीभाऊ इचारून गेले. तुमच्यापेक्षा तुमच्या नावानंच लय काम केलं आमचं."

"मी त्याले खरं सांगतो," नानाजी म्हणाला. "आजच सांगतो."

आता ती थांबली. पदराने हात पुसत तिने पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं.

"कायले? तुमाले झोप याव म्हनून?"

ती पुन्हा पऱ्हाट्यांकडे वळली.

"तुमच्या मनाले बरं वाटाव म्हनून सांगसान, तं सांगू नोका," अंजना म्हणाली. "त्याचं कायी भलं व्हत असन तं सांगा. मी आडवी येत नाई. खोटं मी बोलली, थे माह्यापाशी हाये. तुमचं तुमी पाहा."

*

पुढचे दिवस नानाजीला जड गेले. गाव त्याला आता निराळ्याच मानाने वागवू लागलं. हॉटेलात देवमन त्याच्याकडून चहाचे पैसे घेईना. पारावर त्याला जागा करून देत. त्याच्या ध्यानात आलं, की लोकांना ही खोटी गोष्ट आवडली होती. नानाजीने खांदा दिला होता तर गावाने दिला होता, आणि गावाने दिला होता तर सगळ्यांनीच. दोघं-तिघं तर सांगूही लागले, "पाऊस केवढा होता त्या दिवशी! आमी नाल्यापरेंत गेल्तो."

गोजराबाई एकदा वाढता वाढता म्हणाली, "आता तुमीच खरं मानू नोका म्हंजे झालं."

रामनवमीच्या दोन दिवस आधी इंद्रभान वावरात आला. पोहरादेवीच्या यात्रेला तांड्यातांड्यांवरचे लोक येत. ऊसतोडीला गेलेले मजूरही परत येऊन तिथे भेटत. त्यांना गाठून संघटना पुन्हा उभी करायची, असं त्याच्या मनात होतं.

"तू चाल संगं," तो बांधावर बसत म्हणाला. "तुहा आवाज पायजे. माहा तं गेला."

नानाजीने विळा खाली ठेवला.

"इंद्रभान, मी तुह्या मायले खांदा नाई देल्ला."

इंद्रभान हसला. "म्हंजे?"

"मी कोठ्यात लपून बसलो होतो. बलवाले मानूस आला, तं बायकोले खोटं बोलाले लावलं. गावातलं कोनीच नाई गेलं. वस्तीचे लोक होते, अन् पुढचा खांदा फुलसिंगनं देल्ला. वयनी तुले जेलात भेटाले निंगाल्या तं त्याहीच्या संगंही मी नाई गेलो. फुलसिंगच गेल्ता. तुहं वावर मी नाई पेरलं, वयनीनं एकटीनं पेरलं. जीप आली त्या दिवशी पोलिसानं इचारलं तं मी म्हनलं, दोस्त नाई."

एवढं तो एका दमात बोलला. इंद्रभानचं हसू गेलं होतं, पण ते कधी गेलं ते नानाजीला दिसलं नाही, कारण तो मातीकडे पाहत होता.

"दोस्त नाई म्हनला, थे म्या ऐकलं होतं," इंद्रभान शेवटी म्हणाला. "त्याचं कायी नाई. मीच मनात म्हनलं, बरं म्हनला. नाई तं दोघंही गेलो असतो."

शेजारच्या वावरात कोणीतरी बैलांना हाकत होतं.

"शाळेत फुलसिंग होता का? मी तुह्या गळ्यात हार घातला तवा?"

"व्हय. मांगं उभा होता."

"अन् साऱ्याहीले मालूम होतं?"

"व्हय."

"तुनं तवाच काहून नाई सांगतलं?"

"सारे टाळ्या वाजवून राह्यले होते," नानाजी म्हणाला. बोलल्यावर त्यालाच ते उत्तर ऐकवेना.

इंद्रभानने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तो रडतो आहे असं नानाजीला वाटलं, पण त्याने हात काढले तेव्हा डोळे कोरडे होते आणि चेहरा लाल झाला होता. लाजेने लाल झालेला चेहरा नानाजीला चांगला ओळखू येत होता.

"मी शायना समजत होतो सोताले," इंद्रभान म्हणाला. "बायको एकटी वावर पेरते, थे मले समजलं नाई. तिचे हात पाह्यले मी घरी आल्यावर, तरी नाई समजलं. अन् ज्यानं मायले उचललं त्याच्यासमोर दुसऱ्याले हार घालतो."

"चूक माही हाये."

"तुही हायेच," इंद्रभान म्हणाला. आवाज चढला नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं.

आता सांगायला सुरुवात केलीच आहे तर काही मागे ठेवू नये, असं नानाजीला वाटलं. "मत बी म्या गाय-वासरालेच देल्लं."

"थे कायले सांगतं?" इंद्रभान एकदम चिडला. "ज्याले द्याचं त्याले दे! त्याच्यासाठीच तं मी आत बसलो होतो. त्याची माफी मले मागतं?"

"मनातून नाई देल्लं. भेव वाटलं म्हनून देल्लं."

इंद्रभान उठला, धोतर झटकलं आणि तांड्याच्या वाटेने चालू लागला. पोहरादेवीला ये किंवा येऊ नको, असं तो काहीच म्हणाला नाही. नानाजीने ते विचारलं नाही.

*

चैत्र संपता संपता इंद्रभानने मायसाठी पुण्यानुमोदन ठेवलं. अंत्यविधीला तो नव्हता, म्हणून आता वंदना आणि सगळ्यांना जेवण. त्याने गावात घरोघर जाऊन सांगितलं. सरपंचांकडे गेला, देवमनकडे गेला. नानाजीच्या घरीही आला. दारातच उभा राहून म्हणाला, "ऐतवारी मायचं हाये. जेवाले या," आणि पुढच्या घरी गेला.

रविवारी नानाजी निघाला तेव्हा गोजराबाईने पोरींना शेजारणीकडे ठेवलं आणि लुगडं बदललं.

"तू कायले?" त्याने विचारलं.

"तोंडानं खोटं तं मीच बोलली होती," ती म्हणाली. "तुमी तं नुसते बसले होते."

वस्तीत मांडव घातला होता. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोला हार होते, मेणबत्त्या लावल्या होत्या. तांड्यावरची माणसं आली होती, आजूबाजूच्या खेड्यांतले संघटनेचे मजूर आले होते. धामणखेडच्या गावातून मात्र कोणी नव्हतं. सरपंचांना मंगरूळला काम निघालं होतं. देवमनने पाच शेर साखर पाठवली होती, स्वतः आला नव्हता. शाळेच्या पटांगणात हार घालणं वेगळं आणि बौद्धवाड्यात पंगतीला बसणं वेगळं, हे गावाने कोणी न सांगता ठरवलं होतं. सरकार बदलून महिना झाला होता. नानाजी आणि गोजराबाई मांडवाच्या तोंडाशी उभे राहिले. मांडवातले लोक त्यांच्याकडे पाहू लागले.

गोजराबाई सरळ चुलवणापाशी अंजनाकडे गेली. "बाई, त्या दिवशी हे घरीच होते. मी खोटं बोलली."

"मालूम हाये," अंजना म्हणाली. तिने गोजराबाईकडे थोडा वेळ पाहिलं. मग वरणाच्या गंजाला हात लावून म्हणाली, "धरा तिकून. एकटीच्यानं उचलत नाई." दोघींनी गंज उचलून पंगतीकडे नेला. अंजनाने क्षमा केली असं नाही. पण काम दिलं.

वंदना झाल्यावर इंद्रभान उभा राहिला. तो फार बोलला नाही. "शाळेत मी एक गोठ चुकीची सांगतली," तो म्हणाला. "ज्याहीनं माह्या मायले उचललं त्याहीचे नाव घ्याचे राहून गेले." मग त्याने वस्तीतल्या तिघांची नावं घेतली. शेवटी फुलसिंगचं नाव घेतलं आणि त्याला पुढे बोलावलं. फुलसिंग लाजला. "बुडी हलकी होती," एवढंच म्हणाला. इंद्रभान त्याच्या पाया पडला. फुलसिंगला ते इतकं अवघड झालं, की त्याने इंद्रभानला दंडाला धरून जवळजवळ उचललंच.

नानाजी शेवटच्या ओळीत बसला होता. आपलं नाव त्यात नाही, हे ऐकून महिनाभरात पहिल्यांदा त्याचा श्वास मोकळा झाला. आणि मग अंजनाचं बोलणं आठवून, आपल्याला बरं वाटलं याचीच त्याला पुन्हा लाज वाटली. पत्रावळीवर वरण-भात आला. तो खाली मान घालून जेवला. भागिरथेच्या नावाचं होतं म्हणून शीतही टाकलं नाही.

जेवणं चालू असताना इंद्रभान वाढत वाढत त्याच्यापर्यंत आला. "भात?" त्याने विचारलं.

"दे थोडा."

इंद्रभानने वाढला आणि पुढच्या माणसाकडे गेला.

त्यांची दोस्ती पहिल्यासारखी पुन्हा झाली नाही. मोर्चे पुन्हा निघाले. नानाजी त्यांत जात असे, पण घोषणा द्यायला पुढे होत नसे. मागच्यांत चाले. इंद्रभान त्याला बोलावत नसे आणि परतही पाठवत नसे. वावराच्या बांधावर भेट झाली तर पाऊसपाण्याचं बोलणं होई.

त्या रविवारी मात्र पंगती उठल्यावर, गोजराबाई भांडी घासू लागत होती म्हणून तो मांडवाच्या बाहेर थांबला होता. अंधार पडत आला होता. फुलसिंग तांड्यावर जायला निघाला आणि त्याच्यापाशी येऊन उभा राहिला.

"मले माफ कर, असं कोन्या तोंडानं म्हनू?" नानाजी म्हणाला.

फुलसिंगने तंबाखू काढली, चुना लावून मळली आणि अर्धी त्याच्या हातावर ठेवली.

"तांड्यापरेंत चालतं का?" तो म्हणाला. "नाल्यापाशी कुत्रे लय झाले."

नानाजीने आत वळून गोजराबाईला सांगितलं, पोरींकडे तू पुढे हो म्हणून, आणि फुलसिंगसोबत चालू लागला.